नाचता येईना, राउटर वाकडा

घरचं वायफाय सुरळीत चालायला लागलं तर माणसाने बोलायचं कशाबद्दल? पाऊस चार महिने पुरतो, आंबा दोन. मंद नेट मात्र बारमाही. त्याच्या जिवावर मीटिंगला दहा मिनिटं उशिरा उगवता येतं, कॅमेरा बंद ठेवता येतो, मामेसासऱ्यांचा व्हिडिओ कॉल ‘हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय’ म्हणत सोडवता येतो. एवढी सोय दरमहा पाचसातशे रुपयांत दुसरीकडे कुठे मिळत नाही. तेव्हा ती जपा.

अडचण अशी की हल्ली गल्लोगल्ली फायबर आलंय आणि दारापर्यंत येणारी लाइन बहुतेक वेळा ठीक असते. त्यामुळे जे काही बिघडवायचं ते उंबरठ्याच्या आत, आपलं आपणच बिघडवावं लागतं. घाबरू नका, जमतं. बहुतेकांना न शिकवताच जमलेलं असतं.

सुरुवात जागेपासून. लाइन टाकायला आलेला मुलगा खांद्यावर केबलचं वेटोळं घेऊन दारात उभा राहतो आणि विचारतो, ‘राउटर कुठे बसवायचा?’ पुढची पाच वर्षं या एका प्रश्नावर ठरणार असल्याने अजिबात विचार न करता उत्तर द्या. ‘वायर दिसता कामा नये,’ एवढं पुरे. त्यालाही अजून चार घरं करायची असतात. तो बाल्कनीच्या खिडकीपाशी भोक पाडेल आणि घराच्या पार टोकाच्या भिंतीवर पेटी ठोकून मोकळा होईल. राउटर चारही दिशांना सिग्नल फेकतो, त्यामुळे तुमचा अर्धाअधिक सिग्नल आता रस्त्यावरच्या गुलमोहराला मिळेल.

टोकाची भिंत नसेल तर टीव्हीमागची जागा घ्या. टीव्हीच्या पाठीला आतून पत्रा असतो आणि पत्रा रेडिओलहरींना परतवून लावतो. लोखंडी कपाट त्याहून सरस. कपाटाला आरसा असेल तर दुधात साखर, कारण आरशामागचा मुलामाही धातूचाच. राउटर फ्रीजवर ठेवलात तर खाली आख्खी लोखंडी पेटी आणि तिच्यात पाण्याच्या बाटल्या. पाणी या लहरी शोषून घेतं, म्हणून माशांची टाकी, भरलेला पिंप, माठ यांच्या आडोशाला ठेवलेला राउटरही चांगली सेवा देतो. उरलीसुरली ताकद शोषायला आरसीसीचे खांब आहेतच. राउटर पॅसेजच्या मध्यावर, भिंतीत डोक्याच्या उंचीवर लावला तर सगळ्या खोल्यांत रेंज पोहोचण्याचा धोका असतो. ती जागा ताबडतोब लग्नाच्या फ्रेमने अडवून टाका. शेवटी राउटरवर विणकामाचा रुमाल पसरा. हवा खेळायची भोकं बंद होतील, मे महिन्यात तो तापेल आणि दुपारी तीनच्या सुमाराला आपण होऊन रीस्टार्ट होईल.

आता अँटेना. राउटर घेताना अँटेना मोजून घेणारे लोक आहेत. चार असतील तर बरा, सहा असतील तर भारी. हा निकष सोडू नका. त्या नेमक्या कशा उभ्या करायच्या यात मात्र खरी मेख आहे. अँटेना म्हणजे टोकातून धार मारणारी पिचकारी नव्हे. मेदूवड्याच्या भोकात एक काडी उभी धरलीय अशी कल्पना करा. काडी म्हणजे अँटेना आणि सभोवतालचा वडा म्हणजे सिग्नल. काडी उभी असेल तर वडा आडवा, म्हणजे एकाच मजल्यावरच्या खोल्यांत पसरलेला. काडीच्या टोकाच्या दिशेला फक्त भोक. तर तुम्ही काय करायचं, सगळ्या अँटेना वाकवून तोफेसारख्या थेट बेडरूमकडे रोखायच्या. बेडरूमला बरोब्बर भोक मिळेल. दुमजली घरवाल्यांनी निदान एक अँटेना आडवी करून वरच्या मजल्याला थोडा वडा द्यायचा असतो, पण तसं करू नये. दिसायला बरं दिसत नाही.

एवढं करूनही नेट चाललंच, तर सेटिंग्जमध्ये शिरा. वायफायचा जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा. भारतात त्यावर १३ चॅनल वापरता येतात आणि पाहणाऱ्याला वाटतं, वा, तेरा वेगवेगळे रस्ते! प्रत्यक्षात दोन चॅनलमध्ये अंतर ५ मेगाहर्ट्झचं आणि एका सिग्नलची रुंदी २० ची. म्हणजे एकमेकांच्या अंगावर न चढणारे चॅनल धरायचे तर तीनच, १, ६ आणि ११. सोसायटीतले सगळे या तिघांवर गर्दी करून बसलेत असं दिसलं की समंजस माणसासारखे मधल्या ३ वर जा. एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांचं ऐकतात आणि आळीपाळीने बोलतात. ३ वर बसलात की १ वाल्यांचं आणि ६ वाल्यांचंही बोलणं तुम्हाला अर्धवट, नुसत्या कलकलाटासारखं ऐकू येतं, आणि तुमचं त्यांना. एका बटणात तीन मजल्यांचं नुकसान करण्याची ताकद सोसायटीच्या सेक्रेटरीकडेही नसते. तिथेच ‘चॅनल विड्थ’ असा पर्याय दिसेल, तो २० वरून ४० करा. हा अख्खा पट्टाच ८३.५ मेगाहर्ट्झचा, त्यातला निम्मा आता तुमचा. मायक्रोवेव्हही साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणून राउटर त्याच्या शेजारच्या प्लगला लावलात तर दूध गरम होईपर्यंत ऑफिसचा कॉल आपोआप तुटत राहील.

५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यापासून जपून राहा. तिथे जागा ऐसपैस, गर्दी कमी आणि वेग बराच जास्त. भिंती ओलांडताना तो लवकर दमतो, पण राउटर असलेल्या खोलीत तो काम बिघडवू शकतो, म्हणजे चांगलं करू शकतो. सुदैवाने कंपन्या त्याच्या नावापुढे ‘_५जी’ असं शेपूट लावून देतात. घरातल्या ज्येष्ठांना तो मोबाइलचा ५जी वाटतो आणि ‘आपला फोन जुना आहे, त्यात नाही चालायचा’ म्हणून कोणी त्याला हात लावत नाही. मोबाइलचा ५जी म्हणजे पाचवी पिढी आणि हा म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, हा फरक कोणाला सांगत बसू नका. वाद घालायचाच असेल तर वायफायच्या फुलफॉर्मवर घाला. १९९९ मध्ये एका ब्रँडिंग कंपनीकडून हे नाव बनवून घेतलं तेव्हा त्याला फुलफॉर्मच नव्हता, तरी सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत तो छापलेला सापडतो.

आता केबल, हा माझ्या मते या कलेतला सर्वांत सुंदर भाग. कोणीतरी शहाणा म्हणेल की टीव्हीला, कॉम्प्युटरला थेट लॅन केबल लावा, वायफायवरचा भार उतरेल. जरूर लावा, फक्त केबलच्या टोकाला कनेक्टर बसवताना कलाकुसर दाखवा. केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या, प्रत्येक जोडी एकमेकींना पिळा घालून. हा पिळा शोभेचा नाही, शेजारच्या जोडीतली कुजबुज त्यानेच अडते. प्रचलित क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मध्येच निळी जोडी घुसलेली पाहून टापटीप माणसाला कसंसंच होतं. तुम्ही टापटीप व्हा. नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी अशा जोड्या शेजारी-शेजारी ओळीने लावा, दोन्ही टोकांना तश्शाच. आता गंमत बघा. दिव्यांचा स्वस्त टेस्टर लावला की १ ते ८ सगळे दिवे ओळीने पेटतात, कारण तारा जागच्या जागी पोहोचल्यात. पण ३ आणि ६ नंबरच्या पिना मिळून एक जोडी व्हायला हवी होती, तिथे आता एक तार हिरव्या पिळ्यातली आणि दुसरी निळ्या पिळ्यातली. सिग्नल एकमेकांत मिसळतात. मीटरभर केबलवर कळतही नाही. वीस मीटरची केबल असेल तर नेट कधी चालतं, कधी खोकतं. टेस्टर ‘ओके’ म्हणत असल्याने हा दोष वर्षानुवर्षं सापडत नाही.

इतकी मेहनत नको असेल तर दाराच्या फटीतून केबल ओढून रोज दार आपटा. आठातली निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार तुटली की पुरे. १००० एमबीपीएसच्या वेगाला आठही तारा लागतात, १०० ला चारच. त्यामुळे लाइन बंद पडत नाही, निमूटपणे १०० वर येऊन बसते, आणि तुम्ही ३०० च्या प्लॅनचे पैसे भरत राहता. याच फटीतून बाहेरून आलेली फायबरची वायरही नेता येईल. तिच्यात काचेचा धागा असतो. बांगडीएवढा सैल वेढा त्याला चालतो, पण बिजागरीत काटकोनात दाबला की प्रकाश वळणावरच गळतो. पेटीवरचा ‘लॉस’ लिहिलेला लाल दिवा लुकलुकला की समजा, जमलं.

आतल्या खोलीत रेंज नाही? रेंज एक्स्टेंडर मागवा आणि जिथे अजिबात रेंज नाही नेमका तिथे लावा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही शंका मनात आणू नका. तो तिथे मिळणारी नसलेली रेंज इमानेइतबारे पुढे वाटेल, आणि फोनवर रेंजच्या सगळ्या कांड्या पूर्ण दिसतील. या कांड्या फोन आणि एक्स्टेंडर यांच्यातल्या. एक्स्टेंडर आणि राउटर यांच्यातलं नातं कोणी विचारत नाही. अर्ध्या वाटेवर, रेंज अजून चांगली असलेल्या जागी तो लावायचा असतो. तिथे लावलात तरी फार बिघडणार नाही म्हणा. एकाच पट्ट्यावर चालणारा स्वस्तातला एक्स्टेंडर ऐकतो त्याच तोंडाने बोलतो, म्हणून वेग जवळपास निम्मा होतो. जुना राउटर माळ्यावर पडला असेल तर तोही जोडा, दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ राहू द्या आणि दोघांनाही फोनला पत्ते वाटायचं काम चालू ठेवू द्या. एका घरात दोन कारभारी झाले की काय होतं हे तुम्हाला सांगायला नको.

पासवर्ड मोबाइल नंबर ठेवा. पुढे जाऊ.

तक्रार भक्कम हवी तर आकडे हवेत. १०० एमबीपीएसचा प्लॅन घ्या, फाइल उतरवा आणि पडद्यावर ‘१२ एमबी’ दिसलं की स्क्रीनशॉट काढून फॅमिली ग्रुपवर टाका: ‘शंभरचे पैसे घेतात, बारा देतात!’ प्लॅन मेगाबिटमध्ये विकतात, फाइल मेगाबाइटमध्ये मोजतात आणि एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणजे १०० भागिले ८, साडेबारा. हे गणित ग्रुपवर मांडणाऱ्या भाच्याला लगेच ‘तू लहान आहेस’ म्हणा. स्पीड टेस्ट घरातल्या सगळ्यांत जुन्या फोनवर, बाथरूमचं दार लावून, २.४ च्या पट्ट्यावर घ्या. राउटरच्या खोक्यावरचा ‘एसी १२००’ हा आकडाही पुरावा म्हणून जोडा. तो एका पट्ट्याचे ३०० आणि दुसऱ्याचे ८६७ मिळवून वर ढकललेला असतो, म्हणजे दोन्ही मुलांचे मार्क एकत्र करून ‘आमच्या घरात दीडशे टक्के’ सांगण्यासारखं. फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो आणि त्यातलेही साधारण निम्मेच हाताला लागतात. सरकारदरबारी जाताना मात्र जपून. २०२३ पासून आपल्याकडे ब्रॉडबँडची अधिकृत किमान मर्यादा आहे २ एमबीपीएस, आणि त्याआधी ती ५१२ केबीपीएस होती.

तरीही टेस्टमध्ये आकडा चांगला आलाच, तर एक हुकमी उपाय उरतो. घरातल्या सगळ्या फोनचं फोटो बॅकअप कॉलच्या वेळी चालू ठेवा. लग्नाचे चारशे फोटो वर चढायला लागले की राउटरच्या तोंडाशी रांग लागते, आणि तुमच्या आवाजाची चिमुकली पाकिटं त्या रांगेत शेवटी उभी राहतात. डाउनलोड ९० दाखवत असतं, तुम्ही मात्र रोबोसारखे बोलता. कारण शोधताना सगळे डाउनलोडकडेच बघतात.

शेवटी कंपनीला फोन करायचाच. माणूस येईल, राउटरच्या खोलीत लॅपटॉपला केबल लावेल, आकडा येईल ९६, तो तुम्हाला दाखवेल आणि तक्रार बंद करायला ओटीपी मागेल. मग कपाटाकडे बघून अडखळत म्हणेल, ‘काका, हा राउटर जरा बाहेर काढून पॅसेजमध्ये लावूया का? पंधरा मीटर वायर आहे माझ्याकडे, पैसे नाही लागणार.’

त्याला पाणी द्या, चहा विचारा, आणि नम्रपणे सांगा, ‘नको रे बाबा, आत्ताच रंग काढलाय. त्यापेक्षा दोनशेचा प्लॅन कितीला पडेल?’