मुलीचं लिखाण वाचणार कोण?

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की पुण्याहून एक प्रश्न हमखास येतो. "ताई, तुमच्याकडचा एखादा चांगला ऑनलाइन रायटिंगचा कोर्स सांग ना. हिला शाळेतलं सगळं फार सोपं जातंय." विचारणारी कधी मावसबहीण असते, कधी शाळेतली मैत्रीण. पोरं खरोखर हुशार आहेत. पाचवीतली मुलगी आठवी-नववीची पुस्तकं फडशा पाडल्यासारखी वाचते, वर्गात पाच मिनिटांत काम संपवून खिडकीबाहेर बघत बसते. त्याच घरातून दुसरा सूरही ऐकू येतो. मामा म्हणतात, "एवढ्याशा पोरांना कसले क्लास लावता? आधी मराठीत चार ओळी धड लिहू देत."

मी मेरीलँडमध्ये राहते. माझी मुलगी असे दोन-तीन कोर्स करून चुकली आहे. त्यामुळे मला मावसबहिणीची तळमळ कळते आणि मामांचं म्हणणंही बरंचसं पटतं.

हुशार मुलांना वयापुढचं शिकवण्याच्या अमेरिकेतल्या या साऱ्या व्यवस्थेचं मूळ गणितात आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅन्ली या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये गणितात पुढे असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला. सातवी-आठवीच्या मुलांना त्याने कॉलेजप्रवेशाची सॅट परीक्षा द्यायला लावली, आणि वयाच्या मानाने किती पुढची मजल मारता येते ते मोजलं. त्यातूनच १९७९ मध्ये विद्यापीठाचं हुशार मुलांसाठीचं केंद्र उभं राहिलं. आज सीटीवाय म्हणून ओळखलं जातं ते हेच. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचंही असं केंद्र आहे, आणि स्टॅनफर्डने २००६ मध्ये तर अख्खं ऑनलाइन हायस्कूलच काढलं. सगळ्यांचा पाया एकच: मुलाला त्याच्या वयाचं नको, त्याच्या कुवतीचं द्या.

गणितात हे बिनतक्रार चालतं. अकरा वर्षांच्या मुलाला बीजगणित झेपत असेल तर शिकवावं, त्यासाठी जगाचा अनुभव लागत नाही. लिहिण्याचं तसं नाही. अकरा वर्षांच्या मुलीकडे शब्द सोळा वर्षांच्या मुलीचे असतील, वाक्यरचनाही असेल, पण आयुष्य अकराच वर्षांचं असतं. "दोन इयत्ता पुढचा" म्हणून विकला जाणारा लेखनाचा कोर्स तिला फाशीच्या शिक्षेवर नाहीतर जागतिक व्यापारावर निबंध लिहायला सांगतो. ती लिहितेही. चार ठिकाणी वाचलेली वाक्यं इतक्या सफाईने जुळवते की मोठी माणसं थक्क होतात. हुशार मुलांना मोठ्यांचा आवाज चटकन काढता येतो, आणि एकदा त्या आवाजाला टाळ्या मिळाल्या की स्वतःचा आवाज काढायची गरजच उरत नाही. मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते.

आपल्याकडे हे वेगळ्या रूपात होतं. "सूर्य उगवला नाही तर", "शेतकऱ्याचे मनोगत", "माझा आवडता ऋतू": विषय वाचले तरी गाइडमधली पहिली ओळ आठवते. जी शिष्यवृत्ती परीक्षा मुलाच्या हुशारीचा पुरावा मानली जाते, तिच्यात भाषेलाही चार पर्यायांतला एक गोळा काळा करावा लागतो. एक वाक्यही स्वतःहून लिहावं लागत नाही. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून महाराष्ट्र पेटून उठला. एप्रिलमध्ये निर्णय आला, जूनच्या शेवटी सरकारला तो मागे घ्यावा लागला. इथे बसून मी त्या वादाचा शब्द न् शब्द वाचत होते. सक्तीला विरोध व्हायलाच हवा होता. पण मूल कोणती भाषा कितवीत शिकणार यावर जेवढं बोललं गेलं, त्याच्या दहाव्या हिश्शानेही, ते त्या भाषेत स्वतःचं असं काय लिहिणार, यावर बोलणं झालं नाही. मामांचं वाक्य मला पटतं ते इथे.

मात्र अमेरिकेत सगळं मोकळं आहे ही मावसबहिणीची समजूत मी पुरती खोडून काढते. इथेही साचा आहे, फक्त पाच परिच्छेदांचा. पहिल्यात मुद्दा, मधल्या तिन्हींत एकेक कारण, शेवटच्यात पहिलाच मुद्दा पुन्हा. तिसरीपासून मुलं हे घोकतात. टेक्सासमध्ये तर २०२४ पासून राज्याच्या परीक्षेतली लेखी उत्तरं मोठ्या प्रमाणावर संगणकच तपासतो. बरेचसे ऑनलाइन कोर्स हाच साचा जरा घासूनपुसून देतात.

मग कोर्स निवडायचा कशावरून? मी एकच गोष्ट बघते: मुलीचं लिखाण वाचणार कोण, आणि वाचून काय म्हणणार?

नॅन्सी सॉमर्स या संशोधिकेने १९८२ मध्ये कॉलेजच्या पस्तीस शिक्षकांचे शेरे अभ्यासून एक निबंध लिहिला. बहुतेक शेरे असे होते की एका विद्यार्थ्याच्या कागदावरून उचलून दुसऱ्याच्या कागदावर टाकले तरी फरक पडला नसता, जणू रबरी शिक्का मारलेला. "आणखी स्पष्ट करा", "नेमकेपणा हवा", बस. त्याच अभ्यासात काही निबंध संगणकाच्या प्रोग्रॅमकडूनही तपासून घेतले होते, आणि त्याची भाषा शिक्षकांपेक्षा शांत, समजूतदार निघाली होती. त्या वेळी चॅटजीपीटी चाळीस वर्षं दूर होतं. आज कुठलंही मशीन फुकटात गोड शब्दांत शेरा देतं. शिक्क्यासारख्या शेऱ्यासाठी पैसे मोजण्यात आता काहीच अर्थ राहिलेला नाही.

माझ्या मुलीच्या एका कोर्समध्ये प्रत्येक निबंधाला चारपैकी चार गुण मिळायचे आणि खाली लिहिलेलं असायचं, "वर्णन छान! आता वाक्यं जोडणारे शब्द वापरून बघ." दर आठवड्याला थोड्याफार फरकाने तेच. दुसऱ्या कोर्समध्ये तिने नाशिकच्या आजोबांवर लिहिलं. त्यात एक वाक्य होतं, "आजोबा खूप रागावले." शिक्षिकेने समासात विचारलं, "ते तुला कशावरून कळलं? ते ओरडले का?" मुलगी दोन दिवस घुटमळली. मग तिने लिहिलं, "आजोबांनी चष्मा काढला, पुसला, आणि परत न लावता तसाच हातात धरून ठेवला." पुढच्या खेपेला त्या बाईंनी चष्म्याबद्दल आणखी एक प्रश्न विचारला. एकच लेख चार वेळा लिहिला गेला. त्या कोर्सला प्रमाणपत्र नव्हतं आणि त्याचं नाव सांगितलं तर कुणी ओळखणारही नाही.

म्हणून मी विचारणाऱ्यांना सांगते, पैसे भरण्याआधी शिक्षकाने एखाद्या मुलाच्या लेखावर दिलेले शेरे मागा, नाव खोडून द्या म्हणावं. एका शिक्षकाकडे किती मुलं आहेत ते विचारा. तोच लेख पुन्हा लिहायला लावतात की दर आठवड्याला नवा विषय देतात, ते विचारा. यातलं काही सांगायला खळखळ केली तर विद्यापीठाचं नाव कितीही मोठं असो, तिकडे फिरकू नका. वेळेचं गणितही बघा. इथले थेट वर्ग बहुधा शाळेनंतर असतात. आमच्याकडची संध्याकाळची पाचची वेळ म्हणजे उन्हाळ्यात पुण्यात रात्रीचे अडीच. लेखनासाठी थेट वर्गाची खरं तर गरजही नसते. लेख पाठवायचा, चार दिवसांनी शेरे यायचे, असा संथ कारभार हुशार पण घाईच्या मुलांना उलट मानवतो.

पाचशे डॉलर म्हणजे चाळीस हजारांच्या वर. तेवढ्यात पुण्यात मराठीच्या एखाद्या चांगल्या निवृत्त बाई वर्षभर मुलीचं लिखाण वाचतील. हुशार मुलांसाठी ज्ञान प्रबोधिनी काढायला आप्पा पेंडसे १९६२ मध्येच सरसावले होते, तेव्हा हा विचार आपल्याला अमेरिकेने शिकवावा असंही नाही. आणि मराठीत लिहून इंग्रजीचं काय, या शंकेला टोरांटोच्या जिम कमिन्स यांनी १९७९ पासून उत्तर देऊन ठेवलंय: एका भाषेत कमावलेलं वाचन-लेखनाचं बळ, दुसरी भाषा पुरेशी कानावर आणि डोळ्यांखाली असेल, तर तिकडेही जातं. "तुला कशावरून कळलं?" हा प्रश्न मराठीत विचारला तरी तेवढाच टोचतो.

मावसबहिणीचा शेवटचा मुद्दा ठरलेला असतो: "अगं, पण पुढे अमेरिकेत अ‍ॅडमिशन घ्यायची झाली तर नाव लागेल ना?" इथल्या शेकडो कॉलेजांचा प्रवेशअर्ज ज्या कॉमन अ‍ॅपवर भरतात, तिथे उपक्रम विचारतात ते नववी ते बारावीचे. सहावीतल्या प्रमाणपत्राला त्यात रकानाच नाही. या वर्षी मी तिला दोन नावं कळवली आहेत: इकडचा एक संथ चालणारा, मोजकी मुलं घेणारा कोर्स, आणि तिच्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहणाऱ्या मराठीच्या एक बाई. दोघांकडूनही आधी शेरे लिहिलेला एक कागद मागून घे, असं सांगितलंय. बाईंचा कागद आला आहे, कोर्सवाल्यांच्या उत्तराची ती वाट बघते आहे.