होर्युजीच्या देवळात खिळे आहेत

‘जपानमधलं 1300 वर्षांचं लाकडी देऊळ. एकही खिळा नाही, म्हणून भूकंपात पडत नाही. आजवर दुरुस्ती लागलेली नाही. आपण खिळे ठोकतो म्हणून आपली घरं टिकत नाहीत.’ हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. मी सोडून देत होते. पण मामाने तो वाचून गावच्या माडीचं काम करणाऱ्या सुताराला खिळे आणि लोखंडी पट्ट्या वापरायची मनाई केली, तेव्हा गप्प बसणं शक्य नव्हतं.

मेसेजसोबतच्या फोटोतलं देऊळ म्हणजे जपानच्या नारा शहराजवळचं होर्युजी. तिथे खिळे आहेत, लोहाराने घडवलेले. देवळाच्या दुरुस्तीत आयुष्य घालवलेले सुतार निशिओका त्सुनेकाझु त्या जुन्या लोखंडाचे चाहते होते. आजचे खिळे तेवढे टिकणार नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. म्हणूनच नारातल्याच याकुशिजी या दुसऱ्या देवळाच्या पुनर्बांधणीसाठी मात्सुयामाचे लोहार शिराताका युकिनोरी यांनी हजारो खिळे हाताने घडवले. या विषयात निशिओकांपेक्षा मोठा साक्षीदार कुठून आणायचा?

भूकंपाचा मुद्दा मात्र जीवावर बेतणारा आहे. 17 जानेवारी 1995 ला जपानमधल्या कोबेच्या भूकंपात 6,400 हून जास्त माणसं गेली, बहुतेक पडलेल्या घरांखाली चिरडून. त्यात जुनी लाकडी घरं फार होती: वर जड कौलं, खाली आडवा जोर पेलणाऱ्या भिंती कमी, कुठे वाळवीने पोखरलेले सांधे. त्यातून धडा घेऊन जपानने 2000 साली नियम कडक केले. नव्या लाकडी घरात खांब आणि तुळयांचे सांधे धातूच्या पट्ट्यांनी, बोल्टांनी बांधावे लागतात. ज्या देशाचं नाव घेऊन मामा पट्ट्या काढायला सांगतोय, तोच देश त्या सक्तीने लावतो! होर्युजीचा पाच मजली पॅगोडा उभा राहिला त्याची कारणं त्याच्या सबंध रचनेत आहेत. ती दुमजली घराला लागू होत नाहीत.

दुरुस्ती लागली नाही, हे तर साफ खोटं. 1934 पासून काही दशकं होर्युजीच्या इमारती सुट्या करून दुरुस्त केल्या गेल्या.

एवढं मान्य करते की मुख्य सांगाड्याचा भार बहुतांशी लाकडात लाकूड अडकवूनच पेलला जातो, आणि ते काम अफाट आहे. खांबाचा बुंधा कुजला तर जपानी सुतार अख्खा खांब टाकत नाहीत. कुजका भाग कापून, दोन्हीकडे एकमेकांत बसणाऱ्या खाचा पाडून, खाली नवं लाकूड जोडतात.