सिस्टरच्या चिठ्ठीने कुलूप उघडतं का?

सुया मोजायच्या. ड्युटी घेताना मोजायच्या, देताना परत मोजायच्या, कात्री, ब्लेड, थर्मामीटर सगळंच. माझी एक बॅचमेट तीन वर्षं एका कारागृहाच्या दवाखान्यात होती, ती सांगायची की एक सुई कमी भरली की त्या दिवशी झडती आणि सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे. आमच्या सिव्हिलला कात्री सापडेना झाली की आम्ही एकमेकींवर ओरडतो आणि विषय संपतो. तिथे गोळ्यांची पट्टी हातात द्यायची नाही, एका वेळचा डोस द्यायचा, समोर गिळायला लावायचा, मग तोंड उघड, जीभ वर कर. कारण झोपेची गोळी गालात धरून नेली की बराकीत तिला भाव येतो. क्रेप बँडेज देतानाही दोनदा विचार, मुरगळलेल्या हाताला दिलेली पट्टी रात्री गळ्यालाही लागू शकते.

मी स्वतः आत कधी काम केलेलं नाही हे आधीच सांगते. पण २२ वर्षं सिव्हिलला काढलीत, त्यात कैदी वॉर्डाच्या ड्युट्या भरपूर केल्यात, त्यामुळे आतला पेशंट बाहेर येतो तेव्हा कुठल्या अवस्थेत येतो ते बघितलंय. परवा नर्सेस डेला सगळ्या ग्रुपवर दिवा घेतलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंचे फोटो फिरत होते, आणि मला ह्या आतल्या सिस्टर-ब्रदर लोकांचीच आठवण येत होती, ज्यांचा ड्युटीवरचा एक सेल्फी पण नसतो कारण मोबाईल गेटवरच जमा.

एक पोरगा आठवतो. विशीतला, न्यायाधीन बंदी, म्हणजे आपण कच्चा कैदी म्हणतो तो. आला तेव्हा पोट लाकडासारखं कडक, अपेंडिक्स फुटून पू पसरलेला. सोबतच्या कागदात बघितलं तर आतल्या सिस्टरने आदल्या दिवशी सकाळीच लिहिलेलं, उजव्या बाजूला खाली दुखतंय, उलट्या, ताप, सर्जनला दाखवणे. अगदी बरोबर लिहिलेलं हो, आमच्या इंटर्नने लिहिलं नसतं इतकं बरोबर. मग आणला दुसऱ्या दिवशी का? तर गार्ड मिळाला नाही. बंद्याला दवाखान्यात न्यायचं तर पोलिसांचा एस्कॉर्ट लागतो, तो मुख्यालयातून येतो आणि त्या दिवशी सगळा फोर्स बंदोबस्ताला. सिस्टरने लिहिलं, डॉक्टरांनी सही केली, आणि कागद टेबलावर गार्डची वाट बघत बसला. पोरगा वाचला, पण पोट उघडून धुवावं लागलं, महिनाभर पडून होता.

अशी केस आली की मला दरवेळी पुण्याच्या ससून हॉस्पिटलची गोष्ट आठवते. १२ जानेवारी १९२४ ला येरवडा तुरुंगातल्या एका कैद्याला अपेंडिक्ससाठी ससूनला आणलं आणि त्याच रात्री कर्नल मॅडॉक नावाच्या इंग्रज सर्जनने ऑपरेशन केलं. मध्येच लाईट गेली, नर्सच्या हातातली बॅटरीही विझली आणि शेवट कंदिलाच्या उजेडात झाला. कैदी अर्थातच गांधीजी होते. सरकारला धाकधूक होती की ह्यांना काही झालं तर देश पेटेल, म्हणून गार्डची अडचण आली नाही. त्या विशीतल्या पोराच्या बाबतीत देश काय, त्याची गल्लीपण पेटली नसती.

आता कायदा बघा. आपला तुरुंगाचा मूळ कायदा १८९४ चा. त्यात वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हाताखालचे म्हणून असिस्टंट सर्जन, अपोथेकरी आणि हॉस्पिटल असिस्टंट असे तीन प्रकार मोजलेत, नर्स त्या यादीत नाहीच. आणि आजारी बंद्याची वाट काय तर ज्या शिपायाच्या ताब्यात तो आहे त्याने जेलरला कळवायचं, जेलरने दवाखान्याला कळवायचं. म्हणजे दुखतंय हे पहिल्यांदा ऐकणारा माणूस वर्दीतला. तो वाईट असतो असं नाही, पण त्याला जन्मभर शिकवलंय की हे नाटक करतात. नाटक करतातही! बराकीतून सुटका म्हणून, गादी मिळावी म्हणून, हॉस्पिटलमधून पळायला म्हणून सुद्धा. पण नाटक आहे की नाही हे नाडी, बीपी, टेंपरेचर बघून ठरवायचं असतं, चेहरा बघून नाही, आणि ते बघायला जो माणूस शिकलाय त्याच्यापर्यंत पेशंट पोचलाच नाही तर काय उपयोग.

मला एवढंच म्हणायचंय की आत सिस्टर ठेवताय ना, मग तिच्या चिठ्ठीला वजन द्या. संध्याकाळी बराकी लॉक झाल्या की सकाळपर्यंत सगळं कुलपाच्या पलीकडे. रात्री दोन वाजता कोणाच्या छातीत दुखलं आणि सिस्टर म्हणाली न्या, तर न्यायचं, साहेब उठेपर्यंत थांबायचं नाही. हे काही मी घरी बसून काढलेलं नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये मंडेला नियम म्हणून जे मान्य केले त्यात २७ वा नियम हाच आहे, उपचाराचा निर्णय आरोग्य कर्मचाऱ्यांनी घ्यायचा आणि तुरुंगाच्या बाकी स्टाफने तो फिरवायचा नाही. इंग्लंडने तर २००६ पर्यंत तुरुंगातली आरोग्यसेवा तुरुंग खात्याकडून काढून एनएचएसकडे दिली, जी बाकी जनतेला बघते तीच यंत्रणा. माझी ती बॅचमेट मैत्रीण आरोग्य खात्यातून तिथे गेली होती पण रोजचा हुकूम तुरुंगाचा, रजा पण तिथल्याच साहेबांच्या मर्जीवर. त्याच साहेबांच्या निर्णयाविरुद्ध रजिस्टरमध्ये लिहायचं म्हणजे काय ते सरकारी नोकरीत असलेल्यांना सांगायला नको.

एल्गार परिषद प्रकरणात अटक झालेले पाद्री, फादर स्टॅन स्वामी, त्यांचं बघा. त्यांच्यावरच्या केसबद्दल तुमचं मत काहीही असो, मी त्यात पडत नाही. ८३ वर्षांचे, पार्किन्सन्स, हात थरथरतात, पेला धरता येत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये स्ट्रॉ आणि सिपरसाठी कोर्टात अर्ज करावा लागला. कोर्टात! जेवायला, आंघोळीला तळोजा तुरुंगात सहबंदी मदत करायचे असं त्यांनीच पत्रात लिहिलं होतं. आता कुठल्याही फर्स्ट इयरच्या मुलीला विचारा, पार्किन्सन्सचा पेशंट ॲडमिट झाला की पहिल्या दिवशी काय बघशील? गिळता येतं का, पेला धरता येतो का, पडायची भीती आहे का. सिपर ही वकिलाने मागायची गोष्टच नाही, ती नर्सिंगची नोंद आहे.

कैदी वॉर्डातही तेच. पाय बेडला बेडीने अडकवलेला, आणि मी पेशंटला कुशीवर वळवणार कशी? बेडपॅन देणार कशी? १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने आसामच्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय बेडी नाही, हॉस्पिटलमध्ये सुद्धा नाही. मी हे एका हवालदारांना ऐकवलं तर म्हणाले, सिस्टर, पळाला तर तुमचं सुप्रीम कोर्ट माझं सस्पेन्शन थांबवणार आहे का. त्यांचंही चूक नव्हतं. शेवटी त्यांनी ड्रेसिंगपुरती काढली आणि दारात उभे राहिले.

आणि आम्ही सगळ्या देवीचा अवतार आहोत असंही नाही. नवीन असताना मी पेशंटचं कलम विचारायचे. एकदा कळलं की लहान मुलीवरचा गुन्हा आहे, आणि त्या दिवशी मी सलाईन लावताना शीर शोधायची फारशी तसदी घेतली नाही, दोनदा टोचलं. इन्चार्ज सिस्टरनी बघितलं, काही बोलल्या नाहीत, फक्त ट्रे माझ्या हातातून घेतला. तेव्हापासून कलम विचारत नाही.

कमेंटमध्ये येणारच की बाहेरच्या गरिबाला बेड मिळत नाही आणि ह्यांचे लाड कशाला. गरिबाचं खरंय. पण बाहेरच्याचा भाऊ त्याला रिक्षात घालून दुसऱ्या दवाखान्यात नेतो, आतल्याला ते करता येत नाही, त्याला आपण कुलपात ठेवलंय. २०२२ च्या अखेरीस देशातल्या ५ लाख ७३ हजार बंद्यांपैकी ४ लाख ३४ हजार न्यायाधीन होते, म्हणजे चारातल्या तिघांचा निकालच लागलेला नव्हता. तेव्हा शंभराच्या जागेत १३१ माणसं झोपत होती, असल्या गर्दीतला टीबीचा खोकला जामिनावर सुटला की एसटीत तुमच्या शेजारी येऊन बसतो.

मैत्रीण मागच्या वर्षी परत सिव्हिलला आली. अजून ड्युटी संपताना सुया मोजते, आम्ही हसतो. तो अपेंडिक्सचा कागद तिला दाखवायचा होता मला, हस्ताक्षर तिचंच वाटलं होतं. नाही दाखवला.