रोग रेड्याला, औषध पखालीला: चेकबॉक्सचं एक गाजलेलं उत्तर

यादीतल्या तिसऱ्या ओळीवर टिक करायची, खाली स्क्रोल करायचं, तर सतराव्या ओळीवरही टिक हजर! ॲन्ड्रॉइड शिकताना हा प्रकार जवळजवळ प्रत्येकाने पाहिलेला असतो. त्यावरचं एक उत्तर वर्षानुवर्षं हातोहात फिरतंय: ‘यादी दाखवणाऱ्या रिसायकलरव्ह्यूचा बग आहे. ओळ पुन्हा वापरायची की नाही हे ठरवणाऱ्या सेट-इज-रिसायकलेबलला फॉल्स द्या, नाहीतर ओळीचा प्रकार सांगणाऱ्या गेट-आयटम-व्ह्यू-टाइपमधून सरळ पोझिशन (ओळीचा क्रमांक) परत करा. मेमरीची चिंता नको. आणि कंपोज, म्हणजे ॲन्ड्रॉइडची स्क्रीन रचायची नवी पद्धत, वापरलीत तर हा प्रश्नच येत नाही.’

आधी ‘बग’बद्दल. रिसायकलरव्ह्यू २०१४ साली लॉलिपॉप या ॲन्ड्रॉइड आवृत्तीबरोबर आला आणि ओळी पुन्हा वापरणं हे काम त्याने नावातच लिहून ठेवलंय. त्याआधीचा लिस्टव्ह्यू कन्व्हर्टव्ह्यू, म्हणजे वापरून झालेली ओळ, हातात देऊन हेच करायचा. आयफोनच्या टेबलव्ह्यूतही सेल असेच फिरतात. प्रिपेअर-फॉर-रीयूज ही मेथड त्यासाठीच आहे. ५०० ओळींच्या यादीसाठी ५०० व्ह्यू (पडद्यावरच्या ओळी) बनत नाहीत. स्क्रीनवर मावतील तेवढे आणि वर थोडे, इतकेच बनतात. वर गेलेली ओळ खालून नवा मजकूर घेऊन येते. मजकूर तुम्ही बदललात, टिक बदलली नाहीत, म्हणून जुनी टिक तशीच राहिली.

आता सेट-इज-रिसायकलेबल. याने भलतीकडे उगवणारी टिक जाते हे खरं. पण स्क्रोल करून परत वर या: तुमची तिसऱ्या ओळीवरची टिकही गेलेली असते! ती ओळ आता साठवली जात नाही, दर वेळी नव्याने बनते, आणि नवा चेकबॉक्स कोराच येतो. शिवाय या मेथडच्या फॉल्स आणि ट्रू हाका जोडीने द्यायच्या असतात, कारण आत मोजणी चालते. प्रत्येक बाइंडमध्ये, म्हणजे ओळीत मजकूर भरताना, नुसतं फॉल्स लिहिणारे ती मोजणी वाढवत नेतात.

पोझिशनला टाइप बनवण्याची युक्ती जास्त फसवी, कारण डेमोत ती चालते. प्रत्येक जागेला स्वतःचा प्रकार मिळाला की पूलमधला, म्हणजे वापरून बाजूला ठेवलेल्यांच्या साठ्यातला, व्ह्यू दुसऱ्या जागी वापरता येत नाही. पूल एका प्रकाराचे मुळात ५ व्ह्यू ठेवतो. इथे प्रकारच शेकडो, त्यामुळे व्ह्यू साठत जातात. मेमरी भरपूर आहे म्हणता? असू द्या. यादी नावानुसार लावून पाहा. ओळी हलतात, टिक मात्र जागेला चिकटून बसते. यादी माणसांची असेल, तर चुकीच्या माणसाला मेसेज जातो तो असा.

खरं काम मॉडेलमध्ये, म्हणजे यादीमागच्या डेटात आहे. निवडलेल्या ओळींचे आयडी एका सेटमध्ये ठेवा आणि ओळ भरणाऱ्या ऑन-बाइंड-व्ह्यू-होल्डरमध्ये प्रत्येक वेळी, टिक असो वा नसो, सेट-चेक्ड करून चेकबॉक्सची स्थिती लावा. ‘असेल तरच ट्रू’ एवढंच लिहिलं आणि एल्स विसरलात, तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

इथेही एक खड्डा आहे, आणि त्यात मी स्वतः दोन दिवस पडून होतो. सेट-चेक्डमुळे चेकबॉक्सची स्थिती बदलली की ऑन-चेक्ड-चेंज लिसनर, म्हणजे टिक बदलल्यावर चालणारा कोड, वाजतो. बोट कोणी लावलेलं नसतं, कोडनेच केलेलं असतं, पण त्याला फरक कळत नाही. त्या क्षणी व्ह्यूवर लिसनर कोणता? आधीच्या ओळीचा! म्हणजे सतरावी ओळ भरताना तिसरीची नोंद पुसली जाते. आणि त्या लिसनरमध्ये यादी नव्याने भरायला सांगणारं नोटिफाय-डेटासेट-चेंज्ड असेल तर लेआउट चालू असल्याची तक्रार करत ॲप कोसळतं. म्हणून क्रम असा: आधी लिसनरला नल, मग सेट-चेक्ड, मग नवा लिसनर. मी हल्ली साधा क्लिक लिसनरच लावतो. तो सेट-चेक्डने वाजत नाही. आत ओळ ओळखायला बाइंडच्या वेळची पोझिशन धरून ठेवू नका. गेट-बाइंडिंग-ॲडॅप्टर-पोझिशन विचारा आणि उणे १ (म्हणजे जागा सापडत नाही) आलं तर गुमान परत फिरा.

कंपोजचं म्हणाल, तर लेझीकॉलमच्या, म्हणजे तिथल्या यादीच्या, आयटममध्ये रिमेंबर करून ठेवलेली टिक ओळ नजरेआड गेली की विसरली जाते. रिमेंबर-सेव्हेबलने ती टिकते, पण ओळीला स्वतःची ‘की’ (ओळखखूण) दिली नसेल तर ओळख पुन्हा जागेवरूनच ठरते, आणि यादीच्या डोक्यावर एक नवी ओळ घातली की टिक शेजाऱ्याची.