कुमुदिनी म्हणजे ‘छोटं कमळ’ नव्हे

दोन फुलांचे फोटो शेजारी शेजारी आणि खाली मजकूर : ‘कमळ आणि कुमुदिनी एकाच कुळातली. मोठं ते कमळ, लहान ती कुमुदिनी. पानं दोघांचीही तरंगतात. कमळ निळंही असतं.’ हे सारखं फिरतंय आणि यातलं एकही वाक्य धड नाही.

आधी कुळाचं. ही चूक करणाऱ्यांना सोबत मोठी आहे. १७५३ साली खुद्द लिनियसने, म्हणजे वनस्पतींच्या शास्त्रीय वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या शास्त्रज्ञाने, कमळ कुमुदिनीच्याच ‘निंफिया’ प्रजातीत घातलं होतं. दिसण्यावरून फसायला होतंच. पण कमळाच्या परागकणावर तीन खाचा असतात; कुमुदिनीच्या परागकणावर त्या नाहीत. पुढे डीएनएने निकालच लावला. कमळाचं कुळ वेगळं, गणही (कुळांचा मोठा गट) वेगळा, आणि आज जिवंत असलेल्या जवळच्या नातेवाइकांत कोण, तर चिनारचं झाड! कुमुदिनीची फांदी सपुष्प वनस्पतींच्या वंशवृक्षावर अगदी बुंध्याजवळ फुटली. म्हणजे नात्याने कमळ कुमुदिनीपेक्षा गुलाबाला जवळचं. सारखेपणा आला तो दोघांनी पाण्यात संसार थाटल्यामुळे.

आकाराचं सोडूनच द्या. वाडग्यात मावणारी बुटकी कमळं असतात, त्यांची फुलं कित्येक कुमुदिनींहून लहान.

पानांचं अर्धंच खरं. कमळाची पहिली काही पानं तरंगतात, पण नंतरची देठावर उभी राहून पाण्याच्या वर येतात. त्यांच्यावर पाणी टिकत नाही, थेंब गोळीसारखा घरंगळतो. कुमुदिनीच्या पानाला कडेपासून देठापर्यंत चीर असते; कमळाचं पान अखंड गोल, देठ मधोमध. ओळखायला मी हीच खूण धरतो. ‘फूल पाण्याच्या वर म्हणजे कमळ’ ही खूण दगा देते, कारण उष्ण प्रदेशातल्या बऱ्याच कुमुदिनींची फुलंही पाण्याच्या वर उभी असतात.

आणि निळं? कमळाच्या जाती दोनच : एक गुलाबी-पांढरी, दुसरी अमेरिकेतली पिवळी. इजिप्तचं प्रसिद्ध ‘निळं कमळ’ ही कुमुदिनीच.

तरीही शंका उरलीच, तर पाकळ्या गळेपर्यंत थांबा. कमळाचा झारीच्या तोंडासारखा भोकाभोकांचा शंकू पाण्याबाहेर वाळत राहतो. कुमुदिनीचं फळ पाण्याखाली जाऊन पिकतं.