झाकण बसत नाही, बाकी सगळं प्रीमियम

"एक डबाच तर घ्यायचाय, जिजू. तुम्ही इंजिनिअर आहात, तुम्हीच बघा."

हा मेसेज ज्या मेव्हण्याने ग्रुपवर टाकला, तो त्यानंतर तीन आठवडे फक्त अंगठे दाखवतोय. मी मात्र तीन आठवडे ठाणे ते लोअर परळ आणि लोअर परळ ते मोबाइलची स्क्रीन असा नुसता भटकतोय. कशासाठी? तर ह्युमिडॉरसाठी. म्हणजे सिगार वाळू नयेत म्हणून त्या ठेवायचा लाकडी डबा. मी स्वतः आयुष्यात एक सिगारेट ओढलेली नाही. आमच्याकडे आरतीला दोनपेक्षा जास्त उदबत्त्या लावल्या तर मला शिंका सुरू होतात. आणि मी आता स्पॅनिश सीडरवर प्रवचन देऊ शकतो.

प्रकरण असं की बायकोचा थोरला भाऊ, आमचा दादा, येत्या शनिवारी पन्नाशीचा होतोय. बाणेरला राहतो, चार वर्षांपूर्वी कुठल्याशा परदेशवारीत सिगारचा नाद लागला, तो सुटला नाही. वहिनी बाल्कनीचं दार लावून घेते आणि हा आत-बाहेरच्या सीमारेषेवर चिरूट ओढत बसतो. आठ भावंडांनी दीड-दीड हजार काढले. बारा हजार माझ्या खात्यात आले आणि त्या क्षणापासून माझी झोप गेली.

आधी या डब्यांच्या आत लावतात त्या लाकडाचं सांगतो, कारण फसवणूक नावापासूनच सुरू होते. स्पॅनिश सीडर. ते ना स्पॅनिश, ना सीडर. खरा सीडर म्हणजे आपला देवदार, सूचिपर्णी. हे झाड मध्य-दक्षिण अमेरिकेतलं आणि कॅरिबियनमधलं, महोगनीच्या कुळातलं, म्हणजे आपल्या कडुनिंबाचं लांबचं भावंड. लाकूड गुणी आहे, ते मान्य. ओल शोषतं, हळूहळू परत सोडतं, लवकर वाकत नाही, वासाने कीड जरा लांब राहते. पण जाहिरातीत "प्रीमियम सीडर" असं लिहिलं की आत नक्की काय आहे ते कोणी सांगत नाही. मी एका डब्याचा आतला कप्पा उचलून कड बघितली. वर कागदाएवढा पातळ लाकडी पापुद्रा, खाली चक्क एमडीएफ, म्हणजे दाबलेला लाकडी भुगा. आमच्या किचनच्या ट्रॉलीला जे आहे तेच. भाव साडेअकरा हजार.

मग ती क्षमता. "५० सिगार मावतात" असं ठळक अक्षरात. माप फक्त बाहेरचं. आतलं माप विचारलं तर चॅटवरची बाई म्हणते, "सर, कृपया प्रॉडक्ट डिस्क्रिप्शन बघा." बघितलं म्हणूनच विचारतोय ना! शेवटी दुकानात पट्टी घेऊन गेलो. आतून साडेबावीस बाय साडेसतरा सेंटिमीटर, आणि झाकणाला चिकटवलेली, आत दमटपणा ठेवणारी डबी वगळून वापरायला खोली पाच. आता सिगारची जाडी मोजतात ती रिंग गेजमध्ये, एक रिंग म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग. दादा ओढतो ती रोबुस्टो, पाच इंच लांब, पन्नास रिंग. म्हणजे साधारण वीस मिलिमीटर जाड. एका थरात अकरा, दोन थर, झाले बावीस. उरलेल्या फटीत आडव्या कोंबल्या तर अजून चार. सव्वीस! पन्नास कुठून आले? बारीक करंगळीएवढ्या सिगार धरून, हवा खेळायला इंचभरही जागा न सोडता, लोकलच्या सव्वाआठच्या गाडीसारख्या भरल्या तर येतील. वर जाणकार सांगतात की डबा गच्च भरूच नये, पाव भाग तरी मोकळा ठेवावा. मग खरे किती मावले? एकोणीस-वीस. आणि खोक्यावर पन्नास. आमच्या बिल्डरनेसुद्धा कार्पेट एरियात एवढा हात मारला नव्हता.

पण हे सगळं मी गिळलं असतं. खरंच. लाकूड खोटं असू दे, आकडा खोटा असू दे. पण या वस्तूचं आयुष्यात एकच काम आहे: झाकण लागलं की आतली हवा आत राहिली पाहिजे. बस. आणि नेमकं तेच एकाही डब्याला जमत नाही!

तपासायची पद्धत सोपी आहे. कागदी नोट झाकणाच्या कडेत अर्धी ठेवायची, झाकण लावायचं, ओढायची. अडकली पाहिजे. मी दहाची नोट लावली, ती सुळ्ळकन बाहेर आली. दुसऱ्या कोपऱ्यात लावली, तिथेही तेच. मग मोबाइलचा टॉर्च चालू करून डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि दुकानातल्या मुलाला म्हटलं, जरा या काउंटरवरचा दिवा बंद कर. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी तिथे भूत उतरवायला आलोय. पण केला बंद. आणि काय दिसावं? मागच्या बिजागरीच्या बाजूने सरळ एक पिवळी रेघ, आणि डाव्या कोपऱ्यातून नखाएवढी फट झगझगतेय. आकाशकंदील! मी त्याला दाखवलं. तो शांतपणे म्हणाला, "सर, ते डिझाइन आहे."

डिझाइन.

म्हटलं, अरे बाबा, हा डबा बंद होत नाहीये. तर म्हणे, "सर, हे जास्त करून गिफ्टिंगसाठी जातं. कोणी एवढं बघत नाही." हे ऐकून मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही. म्हणजे तुम्हाला माहीत आहे! घेणारा वेगळा, वापरणारा वेगळा, हे धरूनच माल बनवलाय. देणाऱ्याने बाहेरचं पॉलिश बघायचं, घेणाऱ्याने "वा, वा" म्हणायचं, आणि महिन्याभराने सिगार वाळून चुरा झाल्या तर तो बिचारा कोणाला सांगणार? भेटीच्या डब्याचे दात मोजत नाहीत, एवढी रीत त्यालाही असतेच.

काचेच्या झाकणाचे डबे तर विचारूच नका. काचेच्या कडेने हवा जाते, वरून उजेड पडतो, आणि उजेड सिगारला चालत नाही. पण फोटोत छान दिसतं ना. आमच्या ग्रुपवर आठपैकी सहा मतं काचेला.

त्यात दर्शनी भागावर तो पितळी गोल काटा, हायग्रोमीटर. जणू जहाजातून काढून आणलाय. ऑनलाइन मागवलेल्या पहिल्या डब्यातला मी घरी तपासला. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, त्यावर चार थेंब पाणी, म्हणजे मीठ ओलं व्हावं पण विरघळू नये. ते आणि काटा एका झिपच्या पिशवीत रात्रभर बंद. मिठाचा गुण असा की अशा बंद जागेत आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. सकाळी बघतो तर काटा ५८ वर. टिचकी मारली, ६४. अजून एक टिचकी, ६१. म्हणजे हे यंत्र नव्हे, कौल लावायचं साधन आहे! सिगारला ६५ ते ७० च्या आसपास हवी. इथे मोजणाराच सतरा टक्क्यांनी खोटं बोलतोय. आईने ओट्यावर ती मिठाची पिशवी बघितली आणि म्हणाली, "अरे, लोणचं घालतोयस का? मोहरी तरी घाल."

आणि आता मुख्य विनोद. महिना जुलै. गाव ठाणे. बाहेर ८५-९० टक्के आर्द्रता. पापड तळून ताटात येईपर्यंत सादळतोय, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी, माचिसच्या चार काड्या मोडल्यावर पाचवी पेटते. आख्खं घरच ह्युमिडॉर झालंय, आणि मी त्यात बसून आर्द्रता विकत घेतोय! बरं, डब्याबरोबर देतात काय, तर स्पंजचा तुकडा भरलेली एक काळी प्लास्टिकची डबी. ती फक्त पाणी सोडते, जास्त झालेलं परत घेत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात तिचा उपयोग म्हणजे नदीत उभं राहून अंगावर तांब्या ओतण्यासारखा. इथे हवी ती दुहेरी काम करणारी पुडी, जी जादा ओल शोषते आणि कमी पडली तर देते. ती डब्यात नसते. ती वेगळी घ्या. चालणारा डिजिटल काटा? वेगळा घ्या. मग साडेअकरा हजारात मी काय घेतलं? वॉर्निश?

यातही दादाचं घर बाणेरचं, तिथे दुपारभर एसी, आणि एप्रिल-मे मध्ये पुण्याची दुपार अशी की ओठ फुटतात. म्हणजे चार महिने कोरडं पडतं, चार महिने चिंब होतं, आणि फट असलेला डबा दोन्ही ऋतूंत इमानदारीने बाहेरच्या हवेसारखाच वागतो.

एवढं करून नवा डबा लगेच वापरता येत नाही, हे मला कोणी सांगितलं होतं का? कोरडं लाकूड आधी सिगारमधलीच ओल खेचून घेतं. म्हणून आत डिस्टिल्ड पाण्याची वाटी नाहीतर ८४ टक्के आर्द्रता राखणारी पुडी ठेवून दोन आठवडे लाकूड मुरवायचं. नळाचं पाणी चालत नाही, क्षार बसतात. मी डिस्टिल्ड पाण्यासाठी मेडिकलमध्ये गेलो, तर त्याने इंजेक्शनची इवलीशी कुपी पुढे केली. शेवटी गॅरेजवाल्याकडून इन्व्हर्टरच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन आणला. लागणार वाटीभर. उरलेलं पावणेपाच लिटर बाथरूममध्ये उभं आहे, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो की इन्व्हर्टर कधी बसवला.

दोन आठवडे मुरवायचं म्हणजे वाढदिवसाला द्यायचा डबा आधी उघडायला हवा. मेव्हणी म्हणते, "जिजू, पॅकिंग फोडू नका हां, सील असलं की छान वाटतं." अगं, सील वरच्या प्लास्टिकला आहे, डब्याला नाहीच, हेच तर रडगाणं गातोय मी!

आणि पट्टी. सगळ्यांना झाकणावर पितळी पट्टी हवी. मजकुरावर चार दिवस चर्चा झाली, डब्यावर चार मिनिटं नाही. एकाने मोठ्या उत्साहाने अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा दाखला दिला. तो खरा आहे. मिल्टन बर्ल या विनोदी नटाने १९६१ मध्ये केनेडींना शपथविधीच्या तारखेची पट्टी लावलेला ह्युमिडॉर भेट दिला होता, आणि १९९६ च्या लिलावात तो पाच लाख चौऱ्याहत्तर हजार पाचशे डॉलरला गेला. पण अरे, तो पट्टीवरच्या नावामुळे गेला! आणि त्या केनेडींनी १९६२ मध्ये क्युबावर व्यापारबंदीची सही करण्याआधी आपल्या प्रेस सेक्रेटरीला पिटाळून बाराशे क्युबन सिगार घरात आणून ठेवल्या होत्या. त्यांना डबा लागणारच. आमच्या दादाकडे एका वेळी सात असतात. वहिनीने मोजल्यात.

किड्याचं तर मी ग्रुपवर सांगितलंच नाही. सिगारमध्ये जो तपकिरी बारीक किडा पडतो आणि टाचणीएवढी भोकं पाडतो, तो घरातल्या हळकुंडात आणि मिरचीतही होतो. उष्णता वाढली की अंडी फुटतात. डबा आर्द्रता सांभाळेल, तापमान कोण सांभाळणार? पण हे लिहिलं असतं तर "जिजू फार खोलात जातात" असं आलं असतं. आधीच आलंय दोनदा.

सगळ्यात जास्त टोचलं ते पुढेच. दुसरा डबा परत पाठवला (त्याच्या झाकणाला तर पेन्सिल जाईल एवढी फट होती), तिसरा यायचा होता, म्हणून मधल्या काळात जांभळी नाक्यावरून एक हवाबंद डबा आणला. प्लास्टिकचा, कडेने रबर, चार बाजूंनी खटका. किंमत तीनशे चाळीस. त्यात ६९ टक्क्यांची पुडी आणि डिजिटल काटा टाकला आणि चार दिवस रोज बघितलं. ६९. ६९. ६८. ६९. बाहेर धो धो पाऊस, आत हूं की चूं नाही. आईच्या कुरडयांच्या डब्याला जी अक्कल आहे ती साडेअकरा हजारांच्या महोगनी पॉलिशला नाही!

म्हणून ठरवलं होतं. लाकडी डबा शोभेला द्यायचा, आणि दादाला हळूच बाजूला घेऊन हा प्लास्टिकचा हातात ठेवायचा, की सिगार यात ठेव, त्यात चष्मा नाहीतर गाडीच्या किल्ल्या ठेव. तिसरा आज दुपारी आला. टॉर्च लावला. उजव्या कोपऱ्यात फट. निदान कोपरा तरी बदलला. आता परत करायला वेळ नाही, तो तसाच पट्टी लावायला गेला.

संध्याकाळी प्लास्टिकचा डबा घ्यायला ओट्यावर गेलो तर पुडी आणि काटा खिडकीत नीट काढून ठेवलेले, आणि डब्यात काठोकाठ भाजणीच्या चकल्या.

"छान लागतं रे झाकण याचं," आई म्हणाली. "अजून दोन आण."