बनी तो बनी, नहीं तो परभणी

वळणावर तुमची गाडी डोलते. डोलणारच. बारा वर्षांची हॅचबॅक, चाक धरणाऱ्या खालच्या आर्मचे रबरी बुश चघळलेल्या सुपारीसारखे झालेले, डावा शॉकअप तेल गाळतोय. दुसऱ्या कुणी मुकाट्यानं बुश आणि शॉकअप बदलले असते. तुम्ही तसला घाबरटपणा करू नका. नवा बुश दिसतो कुणाला? गाडीखाली झोपून कोण बघायला येणार आहे? त्यापेक्षा बॉनेट उघडल्याबरोबर डोळ्यात भरेल असा लालभडक पाईप टाका, या शॉकअपच्या डोक्यापासून त्या शॉकअपच्या डोक्यापर्यंत आडवा. त्याला स्ट्रट बार म्हणतात. तयार मिळतो, पण तयार घ्यायला आपण काय पुण्याचे आहोत? जगात जर्मनी, भारतात परभणी.

चहाच्या गाड्यावर ऐकवायला थोडी थिअरी पाठ असू द्या. ट्रकला खाली शिडीसारखी चासी असते, त्यावर बॉडी बसवलेली. छोट्या कारला तशी वेगळी चासी नसतेच. पत्रा दुमडून, ठिकठिकाणी वेल्डिंगचे टिपके देऊन केलेला डबा हीच चासी. पुढच्या चाकांना बहुतेक ठिकाणी मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब, असतो. अमेरिकी इंजिनियर अर्ल मॅकफर्सननं १९४०च्या दशकात ही रचना काढली. वळताना चाकाचा जोर स्ट्रटच्या वरच्या टोकातून त्या पत्र्यावर येतो आणि टोकं केसभर सरकतात. ती एकमेकांना घट्ट बांधली की चाकाचा कोन कमी बिघडतो. इथपर्यंत सगळं खरं आहे, आणि घात तिथंच आहे. निम्मं खरं कळलेल्या माणसाच्या हातात ग्राइंडर आला की त्याला अडवायची कुणाची टाप नाही.

आता माल. पोलादाच्या मिला शेजारीच जालन्यात आहेत, पण विकत आणलेल्या मालात ‘घरी बनवलं’ म्हणायची मजा नाही. शेतात तिसरा बोअर फेल गेल्यावर वर ओढलेले जीआय पाईप पडलेच असतील, त्यातला एक उचला. त्यावर जस्ताचा थर असतो. वेल्डिंग करताना त्याचा पांढरा धूर निघतो, तो बंद शेडमध्ये मनसोक्त घ्या. रात्री थंडी वाजून ताप भरला तर डॉक्टर मलेरियाची तपासणी लिहून देतील. त्यांना पाईपचं सांगू नका, उगाच त्यांच्या ज्ञानात भर.

पाईपची दोन्ही टोकं घणानं ठोकून चपटी करा आणि त्यांना भोकं पाडा. गोल पाईप ताठ असतो. चपटी केलेली जागा ताठ राहत नाही, तिची बिजागरी होते. म्हणजे दोन बिजागऱ्यांच्या मधे एक ताठ पाईप. आपल्या दाराला असतात त्याहून वेगळं काही नाही. मधे एअर फिल्टर आडवा येईल. तिथं पाईपला छान कमान द्या, कारण सरळ पाईप दाब सोसतो आणि कमानीचा पाईप धनुष्यासारखा वाकतो. शिवाय आठच्या बोल्टला दहाचं भोक ठेवा. बसवायला सोपं जातं आणि खड्ड्यात टिणटिण वाजतं. त्या आवाजावरून बार काम करतोय हे मागं बसलेल्यालाही कळतं.

इथं वेल्डिंगवाला मिस्त्री तोंड घालील. त्याची हयात पत्र्याची शेडं उभी करण्यात गेली आहे. तो विडी विझवून म्हणेल, “नुस्ता आडवा पाईप टाकून काय करायलाव मालक? तिरप्या पाईपची कैची मारू द्या की. चौकोन सरकतंय, तिकोन सरकत नाही.” ऐकू नका. घरच्या जुन्या बाजेला पायानं रेटलं की ती कशी तिरकी होते हे तुम्ही लहानपणापासून बघत आलात, तरीही ऐकू नका. मोबाईलवर बघितलेल्या व्हिडिओत कैची नव्हती. तो व्हिडिओवाला इंग्रजी बोलत होता आणि मिस्त्री सातवी पास आहे.

बोल्टवर भरवसा नसेल तर थेट बॉडीलाच वेल्ड मारा. बॅटरीचं टर्मिनल काढायच्या भानगडीत पडू नका. कॉम्प्युटर आणि एअरबॅगचं सर्किट किती सोसतं ते एकदा कळलेलं बरं. ग्रिलला वापरतात तोच दहा नंबरचा रॉड चालवा. बॉडीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा, त्याला तत्काळ भोक पडेल. ते भोक बुजवायला पट्टी, पट्टी धरायला अँगल, अँगल झाकायला एमसील. गाडीचा पुढचा भाग धडकेत चुरगळून आतल्या माणसांना वाचवायला बनवलेला असतो. त्याला शेडच्या खांबासारखा करून ठेवा. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करू नका म्हणतं, पण आरटीओ बॉनेट कशाला उघडतोय?

मग ट्रायल. परभणी जिल्ह्याचा मोठा भाग सपाट, त्यात काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या डांबराच्या लाटा होतात. त्यामुळे वसमत रोडला वळणापेक्षा उसळीच जास्त मिळते. खऱ्या वळणासाठी कन्नडचा घाट गाठा. लांब आहे, पण संशोधनाला खर्च येतोच. मात्र निघताना पंपावर हवा तपासाल, तेव्हा टायरमध्ये बावीसच निघेल. बत्तीस भरा. घाटात गाडी रुळावर चालल्यासारखी वळेल, स्टेअरिंगला लगेच जबाब देईल. अंगावर काटा येईल. पाईपला हात लावून नमस्कार करा. हवा फुकट भरली होती, तिला श्रेय द्यायचं कारण नाही. बुश अजून तसेच आहेत, तेही मधेमधे खडखडून दाद देतील.

पुढं कधी गाडी विकायला काढाल. जिंतूरचं गिऱ्हाईक येईल. किलोमीटर बघणार नाही, सीट बघणार नाही, आधी बॉनेट वर करेल. लाल पाईप, त्याखालची पट्टी, पट्टीखालचा अँगल, अँगलवरचं एमसील, सगळ्यावरून बोट फिरवेल आणि विचारेल, “कुठं ठोकली होती?” तुम्ही त्याला मॅकफर्सन सांगायला घ्या. तो ऐकून घेईल, बोट पँटला पुसेल, तीस हजार कमी सांगेल आणि जाता जाता वाकून खालचे बुश बघेल.